सिनेमाशिवाय गाजलेलं गाणं

2016 मध्ये ‘झिंगाट’ घराघरांत पोचलं ते ‘सैराट’सोबत. फेब्रुवारी 2024 मध्ये आलेल्या ‘गुलाबी साडी’मागे मात्र सिनेमाच नव्हता. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडनं ते लिहिलं आणि गायलं, संगीत जी-स्पार्कचं. यूट्यूबवर आलेलं हे गाणं इन्स्टाग्रामच्या रील्सवर, म्हणजे छोट्या व्हिडिओंमधून पसरलं, अगदी मराठी न कळणारेही त्यावर नाचले.

यामागची युक्ती साधी आहे. रीलच्या तळाशी दिसणाऱ्या गाण्याच्या नावावर बोट टेकवलं, की त्याच तुकड्यावर इतरांनी केलेले व्हिडिओ एकाच पानावर दिसतात. तोच तुकडा उचलून आपलाही व्हिडिओ तिथल्या तिथे करता येतो. ऐकणाराच मग गाण्याचा प्रचारक होतो.

भारतात टिकटॉक या छोट्या व्हिडिओंच्याच अ‍ॅपवर 29 जून 2020 रोजी बंदी आली. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामनं इथे रील्स आणले, तेव्हा मर्यादा होती 15 सेकंदांची. पुढे ती वाढली, पण सवय तुकड्याचीच राहिली. ध्रुवपद त्यात बसतं, अंतरा बाहेर राहतो, आणि हे नुकसान लहान नाही. तरीही कॅसेट कंपनी किंवा निर्मात्याच्या दारात न थांबता खानदेशातला तरुण थेट श्रोत्यांपर्यंत पोचतो, हे मोलाचंच.

राठोडचं 2025 मधलं ‘शेकी’ही याच वाटेनं गाजलं.