कोशर सुशी : भरवसा कशाचा?

न्यूयॉर्कच्या ज्यू वस्त्यांत कोशर सुशीची उपाहारगृहे आहेत. कोशर नियमाने पर आणि खवले असलेलेच मासे चालतात. त्यामुळे सॅमन, ट्यूना मिळतात. कोळंबी, खेकडा नाही. पण कोशरचा शिक्का धर्मनियम पाळल्याची ग्वाही देतो, मासा जंतमुक्त असल्याची नव्हे. काही सागरी माशांत अ‍ॅनिसाकिस जंताची अळी असते. ती पोटात गेल्यास तीव्र कळा, उलट्या होऊ शकतात. मासा उणे 20 अंश सेल्सिअसला 7 दिवस गोठवल्यास ती मरते. जिवाणू मात्र गोठवूनही तग धरतात. म्हणून स्वच्छता हवीच. उपाहारगृह नेहमीचे, भरवशाचे असले तरी मासा गोठवलेला होता का, हे जरूर विचारा. गर्भवतींनी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी शिजवलेल्या माशाची किंवा भाज्यांची सुशी खावी.