कोडी जुन्या पीसीवरून रास्पबेरी पायवर नेताना

कोडी या मीडिया प्लेअरची लायब्ररी आणि सेटिंग्ज 'यूजरडेटा' फोल्डरमध्ये असतात. त्याची प्रत आधी घ्यावी. खरी गोम फाइलींच्या पत्त्यांत आहे. विंडोजमधली 'डी' ड्राइव्ह पायवरच्या लिब्रेइलेक प्रणालीत वेगळ्या पत्त्याने जोडली जाते, मग जुन्या डेटाबेसला एकही चित्रपट सापडत नाही. म्हणून जुन्या पीसीवरच लायब्ररी स्वतंत्र फाइलींत एक्स्पोर्ट करून नव्यावर स्कॅन करणे बरे. पाहिलेल्या भागांच्या खुणाही हव्या असतील, तर स्कॅनआधी 'अ‍ॅडव्हान्स्डसेटिंग्ज' फाइलीत 'इम्पोर्टवॉच्डस्टेट' चालू करावे; हे हमखास राहून जाते. पायचा प्रोसेसर वेगळा असल्याने इंटेलवरचे काही अ‍ॅडऑन पुन्हा टाकावे लागतात. २०२३ चा पाय ५ एचईव्हीसी व्हिडिओ हार्डवेअरवर उलगडतो, एच.२६४ मात्र प्रोसेसरवर. १०८०पी तरीही सुरळीत चालते. वीज अचानक गेली, तर मेमरी कार्डावरचा डेटा बिघडू शकतो. म्हणून पाय इन्व्हर्टरच्या लाइनीवरच जोडावा.