सिस्टर नोकरी का सोडतात? कामाच्या ठिकाणचा न्याय



मागच्या वेळी दवाखान्यात भेटलेल्या सिस्टर पुढच्या वेळी दिसत नाहीत. विचारलं तर कळतं, 'त्या सोडून गेल्या.' पगार कमी असेल, असं आपण पटकन म्हणतो. पण पगार हे अर्धंच कारण आहे. अभ्यासक कामाच्या ठिकाणचा न्याय तीन प्रकारे पाहतात.

१) वाटपाचा न्याय : कष्ट आणि मोबदला यांचा मेळ. माणूस ही तुलना शेजारी काम करणाऱ्याशी करतो, असं जे. स्टेसी ॲडम्स यांनी १९६३ मध्ये मांडलं. एकाच वॉर्डात कायम आणि कंत्राटी सिस्टर तीच सलाईन लावतात, तीच नाईट करतात, पण पगार वेगळा. मग मन खट्टू होणारच! आपल्याकडे २०१६ मध्ये केंद्राने नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांना किमान २०,००० रुपये, आणि २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी परिचारिकांइतकं वेतन द्यावं, अशी शिफारस केली. पण शिफारस म्हणजे अंमलबजावणी नव्हे.

२) पद्धतीचा न्याय : निर्णय कसा झाला? सलग नाईट कोणाला, दिवाळीची रजा कोणाला? नियम सगळ्यांना सारखा असेल आणि तक्रार ऐकली जात असेल, तर नावडती ड्यूटीही माणूस निभावतो.

३) वागणुकीचा न्याय : कारण सांगितलं का? पेशंटसमोर अपमान केला का?

तिसरा प्रकार बिनखर्चाचा, पण त्याचा परिणाम मोठा. जेराल्ड ग्रीनबर्ग यांनी २००६ मध्ये अमेरिकेतल्या परिचारिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वेतन कमी झाल्यावर त्यांची झोप उडाली. पण ज्यांच्या वरिष्ठांना आदराने वागण्याचं, नीट समजावून सांगण्याचं प्रशिक्षण मिळालं होतं, त्यांना हा त्रास बराच कमी झाला. पगार मात्र तेवढाच कमी होता!

याचा अर्थ गोड बोलून कमी पगार द्यावा, असा नाही. तिन्ही न्याय लागतात. अनुभवी सिस्टर गेल्या की उरलेल्यांवर भार वाढतो, त्याही कंटाळतात, आणि शेवटी त्रास पेशंटलाच होतो.

वर्गासाठी उपक्रम : मुलांना विचारा, 'वर्ग झाडायची पाळी कशी ठरवावी?' नियम त्यांनाच करू द्या. मग पाळी कोणावरही येवो, कुरकुर किती कमी होते ते पाहा. न्यायाचा पहिला धडा इथेच मिळतो.