फेरी आणि माप

जबलपूर शहरात मदन महल नावाचे रेल्वे स्थानक आहे. त्याच नावाची गोंड राजवटीतील वास्तू जवळच्या टेकडीवर एका प्रचंड खडकावर उभी आहे, आणि त्या परिसरात तोल सावरून राहिलेली एक शिळाही प्रसिद्ध आहे. स्थानक, शिळा आणि किल्ला ही तीन स्थाने तीन वाटांनी जोडलेली आहेत अशी आपण कल्पना करू. गणितज्ञ अशा आकृतीला आलेख म्हणतात.

आता प्रत्येक स्थानी एक अनंत चक्रीय गट ठेवू. शब्द अवघड असला तरी वस्तू परिचयाची आहे : एकच काठी पुढे किंवा मागे हवी तितक्या वेळा टाकीत जाणे, एवढेच त्यात असते. प्रत्येक वाटेवर दोन टोकांच्या मापांचा विनिमय ठरलेला असतो. दोन वाटांवर तो एकास एक मानू. तिसऱ्या वाटेवर मात्र दोनास तीन. मग फेरी मारून दोन काठ्या मोजणे व उलट फेरीने परतणे, हे घरीच तीन काठ्या मोजण्यासारखे ठरते. या नियमातून जो गट निर्माण होतो, त्याचा विचार गिल्बर्ट बॉमस्लाग आणि डोनाल्ड सॉलिटर यांनी १९६२ साली केला. अशा आलेखांचा व्यापक सिद्धांत पुढे झाँ-प्येर सेर यांच्या १९७७ च्या ग्रंथात आला.

या गटाचे वैशिष्ट्य कोणते? प्रत्येक काठीच्या जागी दोन काठ्या घ्याव्या, फेरी तशीच ठेवावी. दोन काठ्या तर हाती आल्याच. नियमाने तीनही मिळतात. तिनांतून दोन वजा केल्या की एक उरते. म्हणजे मूळचे सर्व काही पुन्हा प्राप्त झाले. तरीही काहीतरी हरवले आहे. ‘फेरी, एक काठी, उलट फेरी’ ही कृती आधी करून मग घरी एक काठी टाकणे आणि हाच क्रम उलटा करणे, या मूळ गटात भिन्न गोष्टी आहेत. कारण एका काठीला विनिमय नाही. बदलानंतर मात्र त्या तीन अधिक दोन आणि दोन अधिक तीन अशा होतात, आणि त्यांतील भेद पुसला जातो.

सान्त गटात असे कधीच घडत नाही. तेथे सर्व मिळाले, तर काहीच हरवत नाही. हा हरवणारा भेद मूळ गटाच्या कोणत्याही सान्त प्रतिमेत दिसूही शकत नाही.

दोष केवळ दोन आणि तीन या आकड्यांचा नाही. तीनपदरी गाठीच्या गटातही हेच आकडे येतात. पण तेथे दोन स्थाने व एकच वाट असते, फेरी नसते, आणि हानीही होत नाही. उलट एकास दोन अशा दराची फेरी असूनही काही हरवत नाही. माप बदलून परत आणणारी फेरी हानीसाठी आवश्यक आहे. परंतु तेवढीच पुरेशी नाही.