‘एअरपोर्ट’ कादंबरीतील लीसबर्ग केंद्र : हवाई वाहतूक नियंत्रण आणि जबाबदारीचा प्रश्न

प्रस्तावना

आर्थर हेली यांची ‘एअरपोर्ट’ ही इंग्रजी कादंबरी १९६८ मध्ये प्रकाशित झाली आणि १९७० मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला. कथानक ज्या लिंकन आंतरराष्ट्रीय विमानतळावर घडते तो काल्पनिक आहे. परंतु त्यातील किथ बेकर्सफेल्ड या नियंत्रकाचे आयुष्य जेथे उद्ध्वस्त होते, ते अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातील लीसबर्ग येथील केंद्र वास्तवात आहे. त्या केंद्राचे कार्य समजून घेणे आणि कादंबरीने उपस्थित केलेला जबाबदारीचा प्रश्न तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

केंद्राचे स्वरूप

हवाई नियंत्रण म्हटले की विमानतळावरील काचेचा मनोरा डोळ्यांसमोर येतो. मात्र मनोऱ्याचा अधिकार धावपट्टी व तिच्या लगतच्या आकाशापुरताच मर्यादित असतो. विमान उंचावर गेल्यावर त्याची जबाबदारी मार्ग नियंत्रण केंद्राकडे जाते. लीसबर्गचे वॉशिंग्टन केंद्र हे अशा प्रकारचे आहे. तेथील नियंत्रकास विमान प्रत्यक्ष दिसत नाही. दिसतो तो रडारच्या पडद्यावरील ठिपका. कादंबरीच्या काळात आडव्या पडद्यावर प्रत्येक ठिपक्यासोबत विमानाचे नाव लिहिलेली प्लॅस्टिकची लहान खूण हाताने सरकवावी लागे आणि उड्डाणाचा तपशील कागदी पट्ट्यांवर नोंदवला जाई. संगणकाने हे काम पुढे आपल्याकडे घेतले.

या कार्याचे मूलतत्त्व लासूर स्टेशनच्या रहिवाशांना अपरिचित नाही. पुढील स्थानकाकडून ‘लाइन क्लिअर’ मिळाल्याशिवाय स्टेशनमास्तर गाडी सोडत नाही. एका खंडात एका वेळी एकच गाडी, हा तेथील नियम. आकाशात रूळ नसल्यामुळे हाच नियम अंतराच्या रूपाने पाळला जातो. मार्गावरील दोन विमानांत रडारच्या साहाय्याने सर्वसाधारणपणे ५ सागरी मैलांचे आडवे अथवा १००० फुटांचे उभे अंतर राखले जाते. फरक एवढाच की गाडी सिग्नलजवळ थांबवता येते, विमान आकाशात थांबवता येत नाही. त्यामुळे नियंत्रकास निर्णय लांबणीवर टाकण्याची मुभा नसते. आपल्या भागावरून उंचावरून जाणारी विमाने मुंबई उड्डाण माहिती क्षेत्रात मोडतात.

कादंबरीतील अपघात

कादंबरीत किथ आपल्या जागेवर परतण्यास थोडा विलंब लावतो. त्याच अवधीत एका कुटुंबाचे खासगी विमान व एक लष्करी प्रशिक्षण विमान यांची टक्कर होते. चौकशीत दोष इतरांवर येतो. किथ अधिकृतपणे निर्दोष ठरतो, पण स्वतःच्या नजरेत तो कायमचा दोषी राहतो. वास्तविक त्या प्रसंगी वाहतूक वाढलेली आहे, पर्यवेक्षकावर अतिरिक्त भार आहे आणि जागेवरील सहकारी अननुभवी आहे. या सर्व त्रुटी एकत्र आल्या नसत्या, तर त्या काही क्षणांच्या विलंबाने अनर्थ ओढवला नसता.

हा ताण केवळ कल्पनेतील नव्हता. ज्या वर्षी कादंबरी आली त्याच वर्षी, १९६८ मध्ये, अमेरिकन नियंत्रकांची ‘पॅटको’ ही संघटना स्थापन झाली. ऑगस्ट १९८१ मध्ये तिने कामाचे तास कमी करणे इत्यादी मागण्यांसाठी संप केला. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ११,००० हून अधिक नियंत्रकांना बडतर्फ केले.

चिकलठाण्याचा अनुभव

जबाबदारी एका व्यक्तीवर संपत नाही, याचे उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. २६ एप्रिल १९९३ रोजी औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावरून मुंबईकडे निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ विमान धावपट्टीपलीकडील रस्त्यावरून जाणाऱ्या, कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकला धडकले. त्यानंतर ते उच्चदाबाच्या वीजतारांना लागून कोसळले. विमानातील ११८ जणांपैकी ५५ जण मृत्युमुखी पडले. चौकशीत दोन कारणे नमूद झाली : वैमानिकांनी विमानाचे नाक उचलण्यास केलेला उशीर व त्यातील चुकीची पद्धत, आणि उड्डाणाच्या वेळी बीड रस्त्यावरील वाहतुकीचे नियमन करण्यात तत्कालीन राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणास आलेले अपयश.

येथे दुसरे कारण विशेष लक्षणीय आहे. वैमानिकांची चूक मान्य करूनही, रस्ता त्या वेळी मोकळा असता तर ट्रकशी धडक झालीच नसती. मनुष्याकडून चूक होणार, हे गृहीत धरून तिचे परिणाम रोखणारी योजना असणे, यालाच सुरक्षाव्यवस्था म्हणतात.

समारोप

हेली यांनी व्यक्तीच्या अपराधभावनेचे चित्रण परिणामकारकपणे केले आहे. कादंबरीसाठी ते आवश्यकही होते. परंतु चौकशीचे काम त्याहून वेगळे असते. ‘कोण चुकले?’ या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावर चौकशी थांबली, तर पुढील नियंत्रक त्याच अपुऱ्या मनुष्यबळानिशी त्याच जागेवर बसतो. ‘ती चूक अपघातापर्यंत का पोहोचू शकली?’ हा प्रश्न विचारला, तरच रस्त्यावर फाटक बसते, पडद्यासमोर दुसरा माणूस येतो आणि विश्रांतीचे तास ठरतात. साहित्याचे अध्यापन करताना ही कादंबरी वाचनात आली, तर किथच्या व्यथेसोबत त्याच्या भोवतालच्या रिकाम्या जागांकडेही विद्यार्थ्यांचे लक्ष वेधणे उचित ठरेल.