कल्पित खोऱ्याचे सात वार

मुळशीच्या खोऱ्यावर एक अद्भुत कादंबरी लिहायची, हा विचार बरीच वर्षे माझ्या मनात आहे. आजीचे माहेर त्या धरणाखाली गेले. नीला-मुळेच्या संगमावर टाटांचे धरण बांधले जात असताना 1921 ते 1924 या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. तरी गावे बुडालीच. माझ्या कादंबरीत पाण्याखाली ते खोरे अजून नांदते आहे. पहिल्याच प्रकरणात माणसे बाजाराला निघाली आणि मी अडलो. बाजार कोणत्या वारी?

अग्निवार, पवनवार अशी नावे सुचली, पण ती नाटकातल्या पुठ्ठ्याच्या मुकुटांसारखी वाटली. म्हणून आधी खरे वार कसे झाले ते पाहिले.

आपला ‘आठवडा’ सात दिवसांचा, पण नाव आठावरून. एका बाजारापासून पुढच्या बाजारापर्यंत दोन्ही टोके धरून मोजले की आठ होतात. म्हणूनच ‘आठ दिवसांनी ये’ म्हणजे त्याच वारी ये.

वारांचा क्रम मात्र आकाशातून आला. प्राचीनांनी ग्रह गतीप्रमाणे लावले: शनी सर्वांत मंद, मग गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध आणि सर्वांत शीघ्र चंद्र. दिवसाचे चोवीस होरे या ग्रहांना ओळीने वाटायचे आणि सूर्योदयाच्या होऱ्याचा स्वामी तोच वाराचा स्वामी मानायचा. रविवारचा पहिला होरा रवीचा. म्हणजे आठवा, पंधरावा आणि बाविसावाही त्याचाच. तेविसावा शुक्राचा, चोविसावा बुधाचा. पंचविसावा, म्हणजे दुसऱ्या दिवसाचा पहिला, चंद्राचा. झाला सोमवार! आर्यभटाने हा नियम एका श्लोकात बसवला आहे. आपल्याकडे वाराचा सर्वांत जुना कोरीव उल्लेख मानतात तो मध्य प्रदेशातल्या एरण येथील बुधगुप्ताच्या काळच्या, इ. स. 484च्या लेखात, तिथे गुरुवारला ‘सुरगुरूचा दिवस’ म्हटले आहे.

पण क्रम पंडितांनी लावला, तरी नावे वापरतात सामान्य माणसे. त्यांच्या तोंडी आदित्यवाराचा आइतवार झाला, बृहस्पतिवाराचा बेस्तरवार. कोकणीत तर सोमार, मंगळार असा ‘वार’ही झिजला. टॉल्किनने हे नेमके हेरले होते. त्याच्या एल्फांचा आठवडा सहा दिवसांचा, माणसांचा सातांचा. आणि हॉबिटांच्या तोंडी नावे इतकी झिजलेली, की त्यांचा मूळ अर्थही कुणाला आठवत नाही.

यातून मला तीन कसोट्या मिळाल्या: आठवडा कशाने तरी मोजलेला हवा, क्रमाला कारण हवे आणि नाव जिभेवर झिजलेले हवे.

चौथी गोष्ट पुण्याने शिकवली. तिथे वारांची नावे जागांना मिळाली. वेताळ पेठेची गुरुवार पेठ झाली, विसापूरची शुक्रवार पेठ. पेठेला वार मिळतो, तर वाराला जागा का मिळू नये?

आजी माहेरची वाट सांगे, ती नेहमी नदीकडून वर: उतार, मळा, खळे, वेस, पार, देऊळ आणि शेवटी गुरांचा माळ. लहानपणी ती मला नुसती वाट वाटे. कागदावर सात शब्द उतरवले तेव्हा लक्षात आले, की पाणीही याच क्रमाने चढले असणार. आकाशातल्या ग्रहांना गतीचा क्रम, माझ्या खोऱ्याला बुडण्याचा.

तेव्हा माझे वार असे: उतार, मळार, खळार, येसार, पारार, देवळार, माळार. बाजार येसारी, कारण तो वेशीपाशीच भरायचा. देवळारी औत धरायचे नाही. माळारी कुणी कामाला लागत नाही. सगळे माळावर जाऊन बसतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा उतार.

खोऱ्यातल्या पोरांना या नावांचा अर्थ ठाऊक नाही. फक्त एक म्हातारी दर उतारी सकाळी नदीकडे तोंड करून उभी राहते. ती का, हे मी कादंबरीत सांगणार नाही.