मांजराचा काचबिंदू आणि डोळ्यांत घालायचे थेंब

डोळ्याच्या आत एक स्वच्छ द्रव सतत तयार होत असतो आणि कॉर्निया व परितारिका (बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा) यांच्यामधल्या कोनातून त्याचा निचरा होत असतो. हा निचरा अडला की डोळ्यातला दाब वाढतो आणि डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस दबून कायमची निकामी होते. या विकाराला काचबिंदू म्हणतात, आणि भिंग धूसर होणाऱ्या मोतीबिंदूहून तो अगदी निराळा आहे. मांजराच्या निरोगी डोळ्यात हा दाब साधारणपणे १० ते २५ मिलिमीटर पारा इतका असतो.

मांजरांतील काचबिंदू बहुधा दुसऱ्या आजारातून उद्भवतो. डोळ्यातला दाह आणि परितारिकेचा कर्करोग ही त्याची प्रमुख कारणे होत. दुखणे लपवण्याची मांजराची वृत्ती असल्यामुळे तो उशिरा लक्षात येतो. भर उजेडात एका डोळ्याची बाहुली उभ्या फटीसारखी बारीक आणि दुसऱ्याची मोठी राहिली, किंवा एक डोळा आकाराने मोठा दिसू लागला, तर तपासणी लांबवू नये.

माणसांच्या काचबिंदूत सर्रास वापरले जाणारे लॅटानोप्रॉस्ट हे प्रोस्टाग्लँडिन गटातील औषध आहे. अमेरिकेत त्याला १९९६ साली मान्यता मिळाली, आणि ज्या संशोधनातून ते निघाले त्यात कोलंबिया विद्यापीठातील लास्लो बिटो यांनी मांजरांवर केलेले प्रयोगही होते. तरीही निरोगी मांजरांच्या डोळ्यांत ते दाब उतरवत नाही असे अभ्यासांत दिसून आले. पेशींवरच्या ज्या ग्राहीला हे औषध चिकटते, तो माणसात द्रवाचा निचरा वाढवतो, तर मांजरात प्रामुख्याने बाहुली आवळतो. शिवाय डोळ्यात दाह असताना आवळलेली बाहुली भिंगाला चिकटण्याचा धोका असतो, आणि मांजराच्या काचबिंदूमागे अनेकदा दाहच असतो.

म्हणून मांजरांसाठी पहिली पसंती बहुधा डॉर्झोलामाइडला दिली जाते. द्रव तयार करणाऱ्या कार्बोनिक अनहायड्रेज या विकराला ते रोखते, त्यामुळे द्रवाची निर्मितीच घटते. त्याचे २ टक्के तीव्रतेचे थेंब दिवसातून दोन-तीनदा घालतात. थेंब पडताच तोंडाला लाळ सुटू शकते आणि काही मांजरांत रक्तातील पोटॅशियम कमी होते, म्हणून रक्ततपासणीचीही गरज पडू शकते. त्याच गटातील ब्रिंझोलामाइड निरोगी मांजरांना दिवसातून दोनदा घातले असता दाब लक्षणीय उतरला नाही. टिमोलॉल या दुसऱ्या एका औषधाने निरोगी मांजरांत दाब सुमारे एक पंचमांशाने कमी झाला; मात्र दमा किंवा हृदयविकार असलेल्या मांजराला ते घालणे धोक्याचे आहे. निरोगी मांजरांत डॉर्झोलामाइड व टिमोलॉल यांच्या मिश्रणाचा परिणाम एकट्या डॉर्झोलामाइडपेक्षा विशेष सरस आढळला नाही.

हे थेंब मुळात माणसांसाठी बनलेले असल्याने नागपूरच्या लकडगंज भागातल्या औषधाच्या दुकानातही पशुवैद्याच्या चिठ्ठीवर मिळू शकतात. घालताना खालची पापणी हलकेच ओढून, बाटलीचे टोक डोळ्याला न लावता एकच थेंब सोडावा, आणि दुसरे औषध असल्यास पाच मिनिटे थांबावे. नागपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या घरात जातो, त्यामुळे बाटली वेष्टनावर सांगितलेल्या तापमानातच ठेवावी.

घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बाटलीतला थेंब मांजराला घालणे हा उपचार नव्हे. टोनोमीटर हे दाब मोजणारे उपकरण वापरल्याशिवाय औषधाची निवड करता येत नाही आणि ते लागू पडले की नाही हेही कळत नाही. १९५८ साली स्थापन झालेले नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय शहरातच आहे; डोळ्यात फरक दिसताच मांजराला तेथे किंवा जवळच्या पशुवैद्याकडे न्यावे, कारण एकदा गेलेली दृष्टी कोणत्याही थेंबाने परत येत नाही.